बाराच्या बारा डावऱ्या

"मॅडम, बाराच्या बारा पोरी डावऱ्या? तुमच्या केजच्या पाण्यात आहे तरी काय?"

मुली निवडायला बसलेल्या विजयसिंह सरांनी शिट्टी मारून निवड चाचणी मधेच थांबवली आणि सगळ्या मैदानासमोर मला विचारलं. बाकीच्या जिल्ह्यांचे कोच फिदीफिदी हसले. मला वाटलं, कौतुक चाललंय. मीही हसले. माझ्यासारखी येडी मीच.

लॅक्रोस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा, पळायचं आणि गोलात हाणायचा. पुण्यातल्या त्या चाचणीतून राष्ट्रीय शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या, आणि एक सहायक कोचसुद्धा. चार वर्षं मी त्या दिवसासाठी मैदान झिजवलं होतं.

वैष्णवी, माझी सगळ्यात चपळ पोरगी, कानाशी लागली. "म्याडम, बाकीच्या समद्या उजव्या हातानं मारायल्यात. आपुनच कावून डाव्या?"

"गप. खेळाकडं बघ," मी खेकसले. मग मीच नीट बघितलं. पोरगी खरंच सांगत होती.

मी मूळची लेझीमवाली. राधाकिशन गुरुजींनी मला एकच मंत्र दिला होता. "नीलम्मा, लेकरांकडं पाठ करायची न्हाई. समोर उभं ऱ्हायचं आन् आपुन उलटं करायचं. त्यांचा उजवा पाय पायजे, तर आपला डावा." शाळेत वीस वर्षं मी तेच केलं. मग मोबाइलवर लॅक्रोस सापडलं. कोणी परदेशी बाई आपल्याकडं तोंड करून, उजवा हात वर धरून शिकवत होती. मी म्हटलं, शिकवणारी बाई आहे, म्हणजे उलटंच दाखवत असणार. आपण डावा धरायचा!

आमच्या ह्यांचं किराणा दुकान. ह्यांनी कांद्याच्या गोण्या फाडून बांबूंना जाळ्या बांधून दिल्या. "पोरींचं काय व्हायचं ते व्हईल, माझे कांदे मातर उघड्यावर आले," म्हणत होते, पण बांधत होते. त्या काठ्यांवर मी बारा पोरी घडवल्या. उजव्या हातानं जेवणाऱ्या, उजव्या हातानं लिहिणाऱ्या पोरी. त्यांना डावरं मी केलं.

जेवणाच्या सुट्टीत ह्यांना फोन लावला.

"मुद्दाम केलंय म्हनावं," हे म्हणाले. "कुनाला काय कळायलंय?"

"आन् पोरींना काढून टाकलं तर? चूक माझी आन् भोगायचं त्यांनी?"

मी फोन ठेवला आणि सरांपुढं जाऊन उभी राहिले. "सर, आमच्या पाण्यात काही नाही. चूक माझी आहे." लेझीमपासून सगळं सांगितलं. माझं नाव खोडायचं तर खोडा, पण पोरींना बघा, म्हणाले. बोलताना रडू आलं, ते काही लपलं नाही.

सरांनी माझ्या पोरींना परत मैदानात बोलावलं. मग म्हणाले, "मारू द्या उजव्या हातानं."

वैष्णवीचा पहिला चेंडू गोलावरून गेला. दुसरा खांबाला लागला. पण दगड मारून चिंचा पाडलेला हात तो! तिसरा थेट जाळ्यात. मग डाव्या हातानं एक, परत उजव्या हातानं एक. सरांचं लिहिणं थांबलं.

"दोन्ही हातांनी मारणारी पोरगी मी दोन वर्षं शोधतोय," ते म्हणाले. "पण मॅडम, हे तुमचं शिकवणं नाही, नशीब आहे. शिबिरात येऊन हे शिकवून दाखवा."

वैष्णवीची निवड झाली, माझीही. अकरा पोरी परत निघाल्या. त्यांचे उजव्या हाताचे चेंडू कुठंच्या कुठं गेले होते. एसटीत चढताना बबितानं विचारलं, "म्याडम, आमाला उजवं आदी शिकिवलं असतं, तर?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चुकलंच माझं, बबिता," म्हणाले. "पुढच्या साली तू हायस. आजपासून दोन्ही हात."

शिबिराच्या पहिल्या सकाळी डावा हात शिकायला तीस मुली माझ्यासमोर उभ्या होत्या. उंच, धिप्पाड, कुठल्या कुठल्या राज्यांतल्या. मी सवयीनं त्यांच्यासमोर उभी राहून काठी उचलली. वैष्णवी दुसऱ्या रांगेत होती. कुठला हात वर धरायचा ते न कळून तिची काठी हातात अडखळली.

माफ करा गुरुजी, मी मनात म्हणाले, आणि पोरींकडं पाठ केली. डावा हात वर धरला, उजवा खाली.

मागं तीस काठ्या उचलल्याचा आवाज झाला.

"आता बराबर दिसायलंय, म्याडम," वैष्णवी म्हणाली.