धुतलेला रणगाडा

“आडवं धरू नको गं, नळी मोडंल!” कल्याण दारातूनच ओरडला.

प्रियदर्शनीनं खोकं होतं तिथंच, उंबऱ्यावर टेकवलं. “मग धरा तुम्हीच. जालन्यापासून मांडीवर घेऊन बसले मी. पायाला मुंग्या आल्या माझ्या. एवढं तर लोक तान्ह्या लेकराला जपत नाहीत.”

यात खोटं काही नव्हतं. कल्याणनं त्या खोक्याला आतून कापूस लावला होता, बाहेरून दोरी बांधली होती, आणि कंडक्टरनं “वर टाका की सामान” म्हटल्यावर त्याच्याशी भांडणही केलं होतं. घनसावंगीच्या पुढं रस्ता असा की माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. तिथं तर प्रत्येक खड्ड्याला तो खोक्याखाली हात धरत होता. पण खोकं कुंभार पिंपळगावला सुखरूप पोचलं.

आत महालक्ष्म्या बसवायचं काम चाललं होतं. लक्ष्म्यांच्या धडासाठी पत्र्याच्या कोठ्या उभ्या केल्या होत्या आणि सोनूबाई, कल्याणची माय, धाकट्या लक्ष्मीला लुगडं नेसवत होती. तोंडात टाचण्या धरलेल्या. तिनं लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि पुन्हा निऱ्यांकडं वळली.

“माय, हे बघ काय आणलं.”

“ठेव तिथं. हात गुंतलेत माझे.”

ठेव तिथं. कल्याणचं सारं आयुष्य या दोन शब्दांत गेलं होतं म्हणा ना. दहावीला शाळेत पहिला आला, ठेव तिथं. जालन्याच्या बियाणं कंपनीत नोकरी लागली, पेढे आणले, ठेव तिथं. माय दुष्ट नव्हती, कुणी तसं म्हणू नये. तिला दोन लेकरं होती आणि डोळे मात्र एकावरच लागलेले होते, एवढंच. थोरला राजानंद. दोघं भाऊ एकाच दिवशी सैन्याच्या भरतीला गेले होते. राजानंद घेतला गेला. कल्याणचे तळपाय सपाट निघाले. तेव्हापासून माय गावात सांगायची, “माझा एक देशाला दिला, एक घरीच ऱ्हायला.” घरीच राहिलेला तिथंच उभा असायचा, ऐकत.

चार वर्षांपूर्वी राजानंद गेला. युद्धात नाही. राजस्थानात सरावाहून परतताना ट्रक पुलावरून खाली गेला. गावानं मोठमोठे फ्लेक्स लावले, पुढाऱ्यांनी स्वतःचे फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठे छापून घेतले, आणि महिन्याभरात वाऱ्यानं ते फाटून गेले.

कल्याणनं दोरी सोडली, कापूस बाजूला केला, आणि दोन्ही हातांनी तो रणगाडा बाहेर काढला. वीतभर लांबीचा. टी-७२.

“भाऊचा हाय, माय. भाऊ चालवायचा ना, त्योच. नंबरासगट.”

आता मात्र सोनूबाईनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. लुगडं तसंच सोडून ती पुढं आली.

“राजाचा?”

“हौ.”

ती बघत राहिली. कल्याण कापसाचा बोळा मुठीत धरून वाट बघत होता; तीस वर्षांच्या बाप्यानं असं करू नये, पण करत होता. आता ती विचारेल, कसं रे केलंस हे? आता हात हातात घेईल.

“लई मळलाय रे,” सोनूबाई म्हणाली.

कल्याण हसला. “मळवलाय माय, मुद्दाम मळवलाय मी. त्याची एक रीत आसती...”

“सोनूऽ, कोठी हालून राह्यली बघ!” आतून रामरावांनी, म्हणजे कल्याणच्या वडिलांनी, आबांनी, हाक मारली, आणि माय धावली. सांगायचं राहून गेलं. उद्या निवांत सांगू, असं कल्याणनं ठरवलं. हाच त्याचा स्वभाव. सगळ्या गोष्टी तो उद्यावर ठेवायचा आणि मग जिवाला लावून घ्यायचा.

आता हे मळवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. हा नाद त्याला लावला राजानंदनंच. एका सुटीत त्यानं दिल्लीहून एक खोकं आणलं, आत प्लास्टिकचे बारीक बारीक भाग, जोडायचे आणि रंगवायचे. कल्याणनं आठ दिवस डोळ्यांत तेल घालून तो रणगाडा जोडला, हिरवागार रंगवला आणि व्हिडिओ कॉलवर भावाला दाखवला. राजानंद पोट धरून हसला. “आरं, नवरदेव हाय का त्यो? आमची गाडी पाह्य एकदा.” आणि मग त्यानं सांगितलं. धुराडं डाव्या अंगाला असतं, तिथं काजळी धरते. चाकांच्या वर धूळ बसते ती ओली होऊन पुन्हा वाळते, तिचे ओघळ दिसतात. आणि चालवणारा ज्या झाकणातून आत उतरतो, त्या झाकणाची कड हात लागून लागून चमकते. “तिथं रंगच न्हाई ऱ्हात. ती माझ्या हाताची जागा हाय, बराबर दाखव.”

असं जुनं, वापरलेलं, झिजलेलं रूप रंगवून आणणं, याला या नादातली माणसं वेदरिंग म्हणतात. जोडणं कुणालाही येतं. कस लागतो तो या मळवण्यात. आत्ताच्या या नव्या रणगाड्याला कल्याणनं वर्ष दिलं. कंपनीतून यायचा, जेवायचा, आणि खिडकीजवळच्या टेबलावर भिंग लावून बसायचा. काजळी कोळशाच्या पुडीची. ओघळ तैलरंगाचे, एकाच केसाच्या कुंचल्यानं ओढलेले. झाकणाची कड मऊ पेन्सिल घासून घासून चमकवली, आणि घासताना त्याच्या हाताला असं वाटायचं की भावाचाच हात धरलाय.

आणि धूळ. धूळ विकत मिळते, डबीत. पण ती त्यानं घेतली नाही. राजानंदची ट्रंक घरी आली तेव्हा आत अपघाताच्या दिवशी पायात असलेले त्याचे बूट होते. माय म्हणाली होती, “माती लागलीया, पुसून ठेव फोटोपाशी.” कल्याण बूट घेऊन मागच्या अंगणात बसला. तळव्याच्या खाचांत पिवळट वाळू गच्च भरली होती. शेवटच्या दिवशी भाऊ ज्या जमिनीवर उभा होता, ती. त्यानं ती दाभणानं कोरून काढली, कागदात बांधली आणि कुणाला म्हणजे कुणाला दाखवली नाही. बायकोलासुद्धा नाही. तीच वाळू त्यानं खलात घोटली, मलमलीतून चाळली, टर्पेंटाईनमध्ये कालवून चाकांवर, पट्ट्यांवर, झाकणाभोवती बसवली. वरून वार्निश मारलं असतं तर ती पक्की झाली असती. पण वार्निशखाली धूळ मरून जाते, प्लास्टिकसारखी दिसते. म्हणून मारलं नाही. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी त्याला केळीची पानं आणायला पिटाळलं. लक्ष्म्या जेवायच्या दिवशी पानांची ही मारामार. बाजारात ओळखीचे भेटले, चहा झाला, आणि पानांचा भारा घेऊन तो परतला तेव्हा घरात पुरणाचा वास भरला होता. दारातच प्रियदर्शनी आडवी आली. तिचा चेहरा पाहून तो थबकला.

“अहो, आधी ऐका माझं. ओरडू नका. मी पुरण वाटत होते, मला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा झालं होतं सगळं. मी म्हटलं त्यांना, आत्याबाई राहू द्या, पण...”

तो तिला बाजूला सारून आत गेला.

लक्ष्म्यांसमोर आरास मांडली होती. करंज्या, लाडू, शेव, फळं, लाकडी बैलजोडी. आणि मधोमध, पाटावर, ताटात तांदूळ घालून त्यावर, रणगाडा. हिरवागार. लखलखीत. काजळी नाही, ओघळ नाही. धूळ तर औषधालाही नाही. नंबराचा एक आकडा सोलून निघाला होता. झाकणाची चमकलेली कड साबणाच्या फेसात पार गेली होती. पुढच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलं होतं.

कल्याण पाटाकडं गेला. हातातली पानं सुटून फरशीवर पसरली.

“हात् तुझ्या, पानं तुडवशील की!” माय म्हणाली. ती खुशीत होती. किती वर्षांनी तो तिचा असा चेहरा बघत होता. “बघ कशी दिसून राह्यली गाडी. कोमट पान्यात साबन टाकला अन् दात घासायच्या बुरुशानं घासली. माझा राजा सुट्टीवर आला की पैलं काय करायचा? कपडे काढून न्हानीत टाकायचा. माय, धू म्हनायचा. त्याची गाडी मी मळकी ठिवू का लक्ष्म्यांम्होरं?”

कल्याणनं पानं गोळा केली, विहिरीवर नेली, एकेक पुसली. डोळ्यांतलं पाणी पानांवर पडत होतं आणि तो तेही पुसत होता.

दुपारी गल्लीतल्या बाया सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. शेजारच्या मालनबाई आत आल्या आल्या आराशीसमोर थांबल्या.

“अगं बया! हे कुणी केलं, सोनू?”

कल्याण कोशिंबिरीची वाटी घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं. सगळ्या जिवाचे कान करून ऐकलं.

“राजाची गाडी हाय ती,” सोनूबाई म्हणाली. “हीच चालवीत व्हता माझा राजा.” मग हसून म्हणाली, “ह्या कल्याण्यानं पार मळवून आनल्ती बघ. मीच धुतली मंग.”

बाया हसल्या. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. पण वर्षभराचं, नव्हे जन्मभराचं जे साठलं होतं ते एकदम वर आलं.

“त्यो मळ नव्हता, माय,” कल्याण म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्यालाच ओळखू येईना. “भाऊच्या बुटातली वाळू व्हती ती. तिथली. मरायच्या दिवशीची. मी कोरून काढल्ती. चार वर्सं जपल्ती. तू नालीत सोडून दिली.”

मालनबाईंनी तोंडावर पदर धरला.

सोनूबाईच्या हातात तुपाचं भांडं होतं. ते तिनं सावकाश खाली ठेवलं.

“बुटाची माती तू काढली?”

“तूच म्हनल्ती पूस म्हनून.”

“पूस म्हन्ले. घिऊन जा न्हाई म्हन्ले.” ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. “माझ्या लेकराच्या पायाची माती चार वर्सं तुझ्यापाशी व्हती. अन् मला सांगितलं न्हाईस. म्या रोज त्या बुटाच्या पाया पडते, कोरड्या. अन् माती तू खेळायला घेतली.” ती थांबली. मग म्हणाली, “त्यानं आसं केलं नसतं.”

त्यानं असं केलं नसतं. मेलेला भाऊ आणि तरीही तोच पुढं. वाळू न सांगता ठेवली, ती चूक होती का? होती. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं की त्या वाळूवर आणखी कुणाचा हक्क असेल. आणि ते ध्यानात आलं म्हणून राग काही कमी होईना, हे आणखी वाईट.

“बास!” आबा म्हणाले. “लक्ष्म्या उपाशी हायेत. सवाष्णी पानावर बसल्यात. चूप ऱ्हा दोघंबी.”

सोनूबाई मागच्या दारानं बाहेर गेली. न्हाणीमागच्या नालीपाशी ती वाकलेली प्रियदर्शनीला खिडकीतून दिसली. नालीत सकाळपासूनचं पाणी वाहून गेलं होतं, भांड्यांचं, हातापायांचं, तांदळाचं. तिनं तळाशी हात घालून चाचपलं. मग हात धुतले, आत आली आणि सवाष्णींना पुरणपोळी वाढू लागली. कुणाला काही कमी पडू दिलं नाही. बाया खाली मान घालून जेवल्या आणि ओट्या घेऊन लवकर लवकर निघून गेल्या.

दिवेलागणीला घर रिकामं झालं. आबा ओसरीवर कलंडले. कल्याण भिंतीला टेकून बसला होता. माय येऊन समोर बसली. दोघांच्या मध्ये तो स्वच्छ रणगाडा.

“कल्याण,” ती म्हणाली. कल्याण्या नाही, कल्याण. “आजून हाय का रे ती माती? कुठं थोडीशी?”

होती. जालन्यात, टेबलाच्या खणात, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत, चिमूटभर उरलेली होती. एखादा ओघळ चुकला तर लागेल म्हणून त्यानं राखून ठेवली होती.

त्यानं मायकडं पाहिलं. तिचे डोळे त्याच्या तोंडावर लागले होते. इतकी वाट बघत ती त्याच्याकडं जन्मात कधी बसली नव्हती. आणि आत्ताही ती त्याच्यासाठी बसलेली नव्हती, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. देऊ नये असं त्याला वाटलं. बाकी सगळं त्याचं घ्या, मान घ्या, नाव घ्या, पण एवढं चिमूटभर देऊ नये. वाटलं त्याची लाज वाटली, आणि तरी वाटायचं थांबलं नाही.

“न्हाई,” तो म्हणाला. “समदी लावल्ती.”

सोनूबाईनं मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, आणि केळीच्या पानावर पुरणपोळी घेऊन आली.

“तू जेवलाच न्हाईस सकाळपासून.”

तिनं पान त्याच्यासमोर मांडलं, पोळीवर तुपाची धार धरली, आणि पदरानं माशा वारत त्याच्यासमोर बसून राहिली. आजवर सुटीवर आलेल्या राजानंदसमोर ती अशी बसायची. कल्याणनं घास मोडला. पोळी संपली.

“आजून एक घे,” माय म्हणाली, आणि त्यानं पान पुढं केलं.