खर्जातली लाट

"जावईबापू, आता सांगतो ते कोणाला पटणार नाही. तुम्हालाही नाही," लाटमास्तर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. बायको पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या कानामागचं यंत्र टेबलावर चार्जिंगला लावलेलं. म्हणजे रान मोकळं! तशी यंत्र काढलं की वर्षभरात ती त्यांच्या हाकेला एकदाही वळली नव्हती. ऑपरेशनात सांभाळलेलं तिचं उरलंसुरलं ऐकणं शेवटी गेलंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बोलले मात्र कुणाकडे नव्हते.

तीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरात पडद्यावरची लाट राखली. डॉक्टर कानाच्या आतल्या शंखात यंत्राची केसासारखी तार सरकवायचे, कानात एक सूर वाजत असायचा आणि शंख त्याला ओ देतोय का, ते लाटेवर दिसायचं. लाट खाली बसली की मास्तरांनी "थांबा!" म्हणायचं. नाहीतर उरलंसुरलं ऐकणंही जायचं.

ऑपरेशनआधी बायकोला खर्जातले, जाड आवाज तेवढे ऐकू यायचे. पाखरं, कपबश्या, लेकीची हाक, सगळं केव्हाच गेलेलं. "यंत्र बसवा," ती म्हणाली होती, "पण ह्यांचा घोगरा आवाज जाता कामा नये. मग भांडू कुणाशी?"

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी हिरव्या कापडाच्या चौकोनातून फक्त तिचा डावा कान दिसत होता. लग्न ठरलं तेव्हा सिनेमाच्या अंधारात मास्तर याच कानाशी कुजबुजले होते. काय, ते आता आठवत नव्हतं. कान लाल झालेला आठवत होता.

"निम्मी तार गेली आणि लाट धपकन खाली!"

"अरे बापरे! मग?"

"तार जराशी मागे घेतली. लाट ढिम्म. त्यात सूर वाजवणारं मशीनच बंद! मी उठलो, तिच्या कानाशी वाकलो आणि स्वतः सूर लावला. असा खर्ज, की ट्रेमधल्या कात्र्या नाचायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, मास्तर, वन्स मोअर! आणि लाट जी उसळली..."

"थापा!" पलंगावरून आवाज आला. तोंड भिंतीकडेच. "मशीन ठणठणीत होतं. 'थांबा' म्हणाले आणि हे ढसाढसा रडले, डॉक्टरांनीच सांगितलंय मला."

मास्तर खुर्चीसकट पलंगाकडे वळले. "अगं, तुला... मग मी हाका मारतो तेव्हा?"

"तेव्हाही ऐकू येतं. उठायचा कंटाळा येतो."