जिभेखालचा लाल दोरा

कपडे शिवतो तो मास्तर, म्हणून ती मास्तरीण. गल्लीत तिला दुसरं नाव उरलंच नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीनं, कापड बेतायचं लांबलचक टेबल आणि टेबलाखाली ठिगळ. ठिगळ म्हणजे कुत्रा. पांढऱ्या अंगावर पाठीला एकच तपकिरी डाग, कुणीतरी घाईघाईत टाचून दिल्यासारखा. त्यावरून नाव पडलं ते पडलं.

ठिगळची कामं घरात वाटून घेतलेली होती. दुखणी सासूबाईंकडे. त्याच्या कानाला वास यायला लागला की डॉक्टरांनी दिलेली बाटली त्या आधी मुठीत धरून कोमट करत, थेंब घालून कानाचं मूळ चोळत आणि ठिगळ डोकं झाडायच्या आत तीन पावलं मागे सरत. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल नाही, चटका नाही. पोट बिघडलं तर मऊ भात. "तीन पोरं वाढवली, हा चौथा," असं त्या म्हणत, आणि चौथा तिघांपेक्षा शहाणा निघाला हेही न विसरता सांगत.

धोके मास्तरणीकडे. कांदे, द्राक्षं, चॉकलेट वरच्या फळीवर. फिनेल कुलपात. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. आणि सगळ्यात मोठा धोका तिच्या स्वतःच्या धंद्यातला, सुया. रोज संध्याकाळी मशीन झाकण्याआधी ती सुयांच्या उशीतल्या सुया मोजायची. बारा म्हणजे बारा. एक जरी कमी भरली तर लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर बसायची आणि ती सापडल्याशिवाय कुणाला जमिनीवर पाय टेकू द्यायची नाही.

नवऱ्याकडे उरले ते लाड. ते काम तो मनापासून करायचा.

त्या दिवशी नवऱ्याला छापखान्याची सुटी होती. एका हॉटेलच्या वाढप्यांचे चोवीस कोट संध्याकाळी द्यायचे होते, नुसती बटणं लावायची बाकी होती. मास्तरीण मान खाली घालून बटणं लावत होती. दुपारी नवऱ्याने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"अगं, याने सकाळपासून तोंडाला काही लावलं नाही. वाटी तशीच आहे."

"अपचन असेल," सासूबाई आतून म्हणाल्या. "एक दिवस पोट रिकामं राहू दे."

पण ठिगळ सारखा ओठ चाटत होता. मधेच आवंढा गिळायचा, मान पुढे करायचा आणि जमिनीवर थोडासा फेस ओकून पुन्हा भिंतीशी जाऊन बसायचा. मास्तरणीने कोट बाजूला ठेवला. अपचनाचा ठिगळ तिने पाहिला होता. तो कण्हायचा, लाड करून घ्यायचा. हा तोंड लपवत होता.

तिने त्याला टेबलावर उचलून घेतलं, एका हाताने वरचा जबडा धरला, दुसऱ्याने खालचा उघडला. जीभ उचलली, तर तिच्याभोवती लाल दोरा. मुळाशी वेटोळं घालून एक पदर घशात उतरलेला आणि दुसऱ्याचं वीतभर टोक गालाशी चिकटलेलं.

"हात्तिच्या! दोराच की," नवरा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने ते टोक चिमटीत धरलंसुद्धा. "थांब, हळूच ओढतो."

"सोडा!"

असा आवाज तिने लग्नानंतर एकदोनदाच काढला असेल. नवऱ्याने चटका बसल्यासारखा हात काढला.

"अगं, पण निघतोय तो..."

"त्या उशीतल्या सुया मोजा आधी."

त्याने मोजल्या. पुन्हा मोजल्या. "अकरा."

मग सासूबाई पुढे झाल्या, जरा जास्तच घाईने. "केळं द्या त्याला. केळ्यात गुंडाळून सुई खाली उतरते. माझ्या बहिणीच्या पोरीने नाणं गिळलं होतं, दुसऱ्या दिवशी आपसूक बाहेर आलं. उगाच बाऊ करू नका."

"आई, नाण्याला दोरा नसतो."

तिने अस्तराचा एक तुकडा ओढला, सुईत दोरा ओवला आणि उभ्या उभ्या त्यावर धावदोरा घातला. मग टोक धरून ओढलं. हातभर कापड बघता बघता चुण्या पडून मुठीएवढं झालं.

"एक टोक जिभेला अडकलंय. दुसऱ्या टोकाला सुई आहे. मधे याचं आतडं. तुम्ही ओढलंत तर पोटात हे होईल. कापड आहे म्हणून नुसत्या चुण्या पडल्या. आतडं चिरेल."

नवऱ्याने त्या चुण्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"निदान बाहेरचं टोक कापून टाकू?" त्याने विचारलं.

"नाही. ओढायचं नाही, कापायचं नाही. खायला नाही, पाणीसुद्धा नाही. उलटी काढायची तर अजिबात नाही, सुई येताना घसा फाडेल." हे सगळं बोलेपर्यंत तिने दवाखान्याचा नंबर लावलाही होता. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आहात तशा निघा."

तिने उशीतली तशीच एक सुई काढली, लाल रिळाचा दोरा तिला गुंडाळला आणि आगपेटीत घालून पेटी पदराला गाठ मारून ठेवली. ठिगळला पंजे झाकतील असं चादरीत लपेटलं. तोंड मात्र मोकळं ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. हॉटेलचा मॅनेजर होता.

"कोट उद्या सकाळी," ती म्हणाली. "आज तुमचे वाढपी जुन्या कोटात वाढतील. जेवणाची चव बदलायची नाही." आणि फोन ठेवला.

स्कूटरवर ती मागे बसली, ठिगळ मांडीवर. नवरा एरवी गोगलगाईसारखा चालवायचा, आज त्याच्या अंगात वारं शिरलं होतं.

"खड्डे चुकवा हो! उशीर परवडेल, हिसका नको."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जीभ उचलून पाहिली, मग एक्स-रे काढला. काळ्या काचेवर पोटाच्या जागी सुई स्वच्छ दिसत होती, अगदी पुस्तकात खूण घातल्यासारखी.

"दोरा किती लांब असेल, काही अंदाज?"

"दीड हात. घरात सगळे तेवढाच ओवतो. दुपदरी. सुती नाही, तुटायचा नाही. आणि सुई ही." तिने आगपेटी पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी सुई बोटावर घेतली. "नमुना घेऊन आलेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. कुणी ओढला नाही ना?"

"ओढणार होते," नवरा प्रामाणिकपणे म्हणाला. "ओरडा बसला."

"बरं झालं बसला. भूल देऊन आत्ताच उघडावं लागेल. मी करते, तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर एक लाकडी बाक होता. मास्तरीण तिथे बसली. नवरा फेऱ्या मारत होता. अर्ध्या तासाने फाटकाशी टॅक्सी थांबली आणि सासूबाई उतरल्या. चप्पल एका पायात घरातली, दुसऱ्या पायात बाहेरची. त्या सुनेशेजारी येऊन बसल्या.

"सुई मी घेतली होती," त्या म्हणाल्या. समोर बघतच. "काल दुपारी. त्याच्या गादीची शिवण उसवली होती, म्हटलं तू कामात आहेस, आपणच घालू चार टाके. फोन आला म्हणून उठले. परत आले तर सुई दिसेना. मला वाटलं, मीच उशीत खोवली. हात लोण्याचे होते गं. दोऱ्याला लागलं असणार, त्या वासाने..." त्यांना पुढे बोलवेना. "आणि वर केळं द्या म्हणत होते."

मास्तरणीच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. सासूबाईंच्या पायांकडे लक्ष गेलं आणि ते ओठांतच राहिलं.

"काल मी मोजल्या नाहीत, आई," ती म्हणाली. "सहा वर्षांत पहिल्यांदा. चोवीस कोटांच्या नादात मशीन झाकलं आणि झोपले. मोजल्या असत्या तर कालच सापडली असती. माझं काम होतं ते, तुमचं नाही."

"असं कसं? घेतली मी..."

"मग अर्धी तुमची, अर्धी माझी. आता रडू नका. तो बाहेर आला की त्याला तुम्ही लागणार आहात. गोळ्या माझ्या हातून तो घेत नाही."

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "तुला जमतच नाही ते. जिभेच्या पार मागे ठेवायची असते."

दीड तासाने डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. सुई पोटातून निघाली होती. दोऱ्याचा मधला भाग आतड्यात उतरला होता आणि चुण्या पडायला सुरुवातही झाली होती, पण कुठे चिरलं नव्हतं. "आजची रात्र थांबला असतात, तर मी असं हसून बोलत नसते," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी ठिगळ घरी आला. गळ्यात प्लास्टिकचा शंकू, पोटावर टाक्यांची रांग. मास्तरणीने त्याला उताणं करून ती रांग डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"टाका सरळ आहे," ती म्हणाली. "गाठी थोड्या मोठ्या आहेत."

"डॉक्टरला सांगू नकोस म्हणजे झालं," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी आपली खाट पुढच्या खोलीत आणली. दिवसातून चार वेळा चमचाभर मऊ भात, वेळेवर गोळी, जखम लाल होतेय का, ओल येतेय का, हे सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून बघणं. शंकूने दार अडायचं, बादली उलटायची. त्यांनी शंकूला शिव्या दिल्या पण काढला नाही. नवऱ्याने एकदा "पाच मिनिटं मोकळा सोडू का?" असं विचारून पाहिलं. दोघी एकदम "नाही" म्हणाल्या. तो मुकाट्याने पेपर वाचायला गेला.

अकराव्या दिवशी टाके निघाले. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडताच ठिगळला समोरच्या कुंपणावर मांजर दिसलं. पट्टा नवऱ्याच्या हातातून निसटला.

"अरे, टाके!" सासूबाई ओरडल्या.

"आई, टाके निघाले!"

"टाके निघाले, अक्कल कुठे आली मेल्याला!" असं म्हणत सासूबाईच सगळ्यांच्या पुढे धावल्या.