दीड बोट

धाकटी चार वर्षं त्या पार्कात एकच काम करत होती: पोरांची उंची मोजणं. 'वावटळ' नावाच्या राईडच्या दारात पट्टी उभी होती. तिच्यावरच्या लाल रेघेला डोकं लागलं तर आत, नाहीतर परत. काम सोपं, पण शिव्या भरपूर. आपलं पोर बुटकं आहे हे चारचौघांत ऐकायला कुठल्या बापाला आवडतं?

वर्षातून एक दिवस कर्मचाऱ्यांना घरची माणसं आणता येत. पोटभर राईड्स, आणि मागच्या झाडांखाली कोळशाच्या शेगड्या. हवं ते भाजा आणि खा. यंदा धाकटीने ताई-भाऊजींना बोलावलं होतं. आईच्या मागे ताईनेच तिला वाढवलेलं, वेणीफणीपासून परीक्षेच्या अभ्यासापर्यंत. तेव्हा आज ताईला काही म्हणून कमी पडू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

आणि आल्या आल्याच माशी शिंकली. ताईची आठ वर्षांची चिमणी थेट वावटळीकडे पळाली आणि पट्टीपाशी दीड बोट कमी भरली.

"अगं, दीड बोट म्हणजे असं काय असतं?" ताई म्हणाली. "तुझी सख्खी भाची आहे. तुझ्या शब्दावर सोडतील की."

"ताई, तो आडवा दांडा लहान पोरांच्या मांडीवर नीट बसत नाही. गाडी उलटी झाली की..."

"राहू दे, मला नको शिकवूस. तुला कडेवर घेऊन वाढवलं मी, आणि आज तू माझ्या पोरीला दारातून परत पाठवतेस!"

धाकटीने मान खाली घातली, पण हो काही म्हटलं नाही. त्या दिवशी पट्टीवर तिची मैत्रीण होती, सगळे तिला चष्मिस म्हणत. ती बिचारी दुसरीकडेच बघत राहिली.

शेगडीपाशी ताई तोंड फुगवून कांदे चिरत बसली. सुरी फळीवर जरा जास्तच आपटत होती. भाऊजींना हा अबोला सोसेना. "काय गं," त्यांनी विचारलं, "लोक तुम्हाला गंडवतही असतील ना?"

धाकटीला विषय हवाच होता. कुणी टोपीखाली अंबाडा बांधून येतं, कुणी टाचा उचलतं, तिने हातवारे करून सांगितलं. "आणि एकाने तर बुटात टाचेखाली कागदाच्या घड्या घातल्या होत्या! आम्ही बूट काढायला लावत नाही ना, रांग खोळंबते." भाऊजी खो खो हसले. ताईच्याही ओठाचा कोपरा हलला. धाकटीला इतकं बरं वाटलं की तिने तोच किस्सा तिखटमीठ लावून पुन्हा सांगितला. चिमणी शेजारी बसून बटाटे पुसत होती. थोड्या वेळाने ती हात धुवायला म्हणून गेली. भाऊजींनी झाडाला पाठ टेकून डोळे मिटले.

निखारे फुलले. बटाटे गुंडाळायला धाकटीने फॉइलची गुंडाळी उचलली, तर हाताला नुसती पुठ्ठ्याची नळी लागली.

"ताई, फॉइल कुणी संपवलं? सकाळी नवीन होतं."

"मी कशाला हात लावू तुझ्या सामानाला?"

बाकाखाली चंदेरी तुकडे पडले होते. त्यांत एक जाड घडी होती, दाबून दाबून चपटी केलेली, एका बाजूला गोल. टाचेसारखी. पोरीचे बूट पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून एक नंबर मोठे घेतलेले, हे सकाळी ताईनेच सांगितलं होतं.

तेवढ्यात वावटळीची पहिली घंटा वाजली. पहिली घंटा बसायची, दुसरी दांड्यांना कुलूप लागल्याची, तिसरी सुटायची. मधे जेमतेम मिनिटभर.

चिमटा टाकून धाकटी धावत सुटली. "अगं, झालं काय?" म्हणत ताईही मागे धावली. नळांपाशी चिमणी नव्हती. दुसरी घंटा वाजली तेव्हा धाकटी रांगेच्या शेपटाला होती. "ओ बाई, रांगेतून या!" कुणीतरी तिचा दंड धरला. तो झटकून ती कठड्याखालून आत घुसली.

"चिमणीला सोडलंस?"

"बरोबर भरली ती आता," चष्मिस म्हणाली. "डोकं रेघेला लागलं, मी स्वतः पाहिलं."

तिसरी घंटा वाजली. सुट्टीवर असताना गाडी थांबवायच्या लाल बटणाला हात लावला की नोकरी गेली समजायचं, हे धाकटीला पाठ होतं. तिने चालकाला बाजूला ढकलून बटणावर मूठ मारली.

गाडी हातभर पुढे सरकली आणि हिसका देऊन थांबली. सगळीकडून आरडाओरडा सुरू झाला. तिसऱ्या रांगेत चिमणी बसली होती, रडवेली.

"कुणी हलू नका, दांडे बंद आहेत!" ओरडत चालक किल्ली शोधू लागला.

ताई धापा टाकत पोचली. "काय तमाशा मांडलास हा? सगळ्यांसमोर पोरीला..."

"आई, मी उतरते," चिमणी म्हणाली. तिने हात वर केले आणि अंग खाली सोडलं. कंबर, खांदे, हनुवटी, सगळं दांड्याखालून सरकलं, आणि ती फलाटावर येऊन उभी राहिली. चालकाला किल्ली आत्ता कुठे सापडली होती.

ताईने पुढे होऊन रिकाम्या बैठकीवरचा तो दांडा दोन्ही हातांनी ओढला. तो तसूभरही हलला नाही. तिने पुन्हा ओढून पाहिला.

"मावशीनेच सांगितलं होतं," चिमणी हुंदके देत म्हणाली. "कागद घालतात म्हणून."

"हो," धाकटी म्हणाली. "मीच सांगितलं. हसून सांगितलं."

ताईने खाली बसून लेकीचे बूट काढले, चंदेरी घड्या तिथेच टाकल्या आणि तिला अनवाणी दाराशी नेऊन पट्टीला पाठ लावून उभं केलं. मग लाल रेघ आणि पोरीचं डोकं यांच्यामध्ये स्वतःचं बोट आडवं धरलं. एक बोट बसलं. दुसरं अर्धंच मावलं.

ताईने ती बोटं बराच वेळ तिथून काढली नाहीत.