तपासनिसाने मारलेली टीप

मावशीने शिवलेला कोट अंगात घातला की पोट आपोआप आत जातं, अशी तिची ख्याती होती. ही मावशी एका सकाळी मोठ्या किराणा दुकानात साबण घ्यायला गेली आणि सांडलेल्या तेलावरून घसरली. तेल सांडून अर्धा तास झाला होता, पण ना कोणी पुसलं होतं, ना तिथे सावधानतेची पाटी ठेवली होती. मावशीचं उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा व्यवस्थापक फुलं आणि एक कागद घेऊन घरी हजर झाला.

"तुम्ही सही केलीत की दवाखान्याचा खर्च लगेच देतो."

"सही करायला हात कुठे उरलाय?" प्लास्टर दाखवत मावशी म्हणाली. "ठेवून जा. भाचीला दाखवते."

भाची वकील होती. तिने कागद वाचला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. "मावशी, यात लिहिलंय की यापुढे तू काही मागणार नाहीस. उद्या बोटं नीट वळली नाहीत तर? बुडालेली कमाई, हाताच्या व्यायामाचा खर्च, सोसलेलं दुखणं, या सगळ्याची भरपाई मागायचा तुला हक्क आहे."

"उगाच भांडण वाटतं गं ते."

"भांडण कसलं? ज्याने सांडलं, त्याने निस्तरायचं."

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. मूठ मात्र मिटेना. कात्री उचलली की हातातून सुटायची. त्या दिवशी मावशी दुकानात कपडे घालून बघायच्या पडद्याआड जाऊन थोडी रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि भाचीला म्हणाली, "कर दावा."

किराणा दुकानाच्या विमा कंपनीचं उत्तर आलं : मावशीचं शिवणाचं दुकान रोज उघडं असतं, त्याअर्थी हात बरा असला पाहिजे. दुकान उघडं असायचं हे खरं. घरी बसून मावशीला करमत नव्हतं आणि गिऱ्हाइकं नुसती गप्पा मारायलाही येत.

त्याच आठवड्यात एक किडकिडीत माणूस नवी पँट घेऊन आला. "दोन बोटं लांब होतेय. आत्ता करून द्याल?"

"करून देत नाही, करून घेते," मावशी म्हणाली. "बसा मशीनवर."

तो गडबडला, पण बसला. पायडल उलटं फिरलं, दोरा तुटला, पहिली टीप सापासारखी वळवळत गेली.

"उसवा," मावशी म्हणाली. "आणि कापड ओढू नका. ते आपणहून सरकतं."

दोन तास गेले. दुसऱ्या पायाची टीप सरळ आली, तेव्हा त्या माणसाचा चेहरा उजळला. त्याने पँट तिथेच पडद्याआड जाऊन घातली, आरशात पुढून मागून पाहिली आणि एकदम ओशाळला.

"मावशी, मी विमा कंपनीचा तपासनीस आहे. खिशातलं हे पेन म्हणजे कॅमेरा आहे."

"अगं बाई. मग आता काय लिहिणार?"

"जे दिसलं तेच. दुकान चालू आहे, काम गिऱ्हाईक करतं."

तडजोडीच्या बैठकीत मध्यस्थ बाईंनी ते चित्रण लावलं. मावशीचा उजवा हात दोन तास मांडीवर निपचित, आणि आवाज एकच : "उसवा. पुन्हा मारा." कंपनीच्या वकिलालाही हसू आवरेना.

मग मध्यस्थ बाईंनी मावशीपुढे सुई ठेवली. मावशीने तीनदा उचलली, तीनदा ती टेबलावर पडली. चौथ्यांदा बाईच म्हणाल्या, "राहू द्या." खोलीतलं हसणं केव्हाच थांबलं होतं.

कंपनीने उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, वर्षभराचा व्यायाम आणि बोटांत उरलेल्या ताठरपणाची भरपाई मान्य केली. भाचीने मागितलं होतं त्याहून थोडं कमी, मावशीने धरलं होतं त्याहून बरंच जास्त.

"शिवायला नाही तरी शिकवायला येतंय मला," बाहेर पडताना मावशी म्हणाली. महिन्याभरात तिने तीन मशीनं घेतली आणि वर्ग काढला. पहिल्या तुकडीत आठ जण आले. त्यातले एक होते निवृत्त बसचालक. त्यांची टीप वाकडी जायची, पण मशीन ऐन वेळी थांबवण्यात त्यांचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकत नव्हतं.