खिडकीकडची बाजू

धाकटीचं डोकं भडकायला काडी लागायची नाही, काडेपेटीचं नुसतं नाव काढलं तरी पुरे. म्हणून लॉन्ड्रीच्या मालकाने तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं. गिऱ्हाइकासमोर नको रे बाबा.

तिला मागची खोलीच बरी वाटायची. गरम वाफ, घरघरणारी मशिनं, दवाखान्याच्या आणि हॉटेलांच्या चादरींचे ढीग, आणि मधोमध लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला काका. हे नक्की कुणाचे काका ते कुणालाच माहीत नव्हतं, पण अख्खी गल्ली त्यांना काकाच म्हणायची. मोठी चादर एकट्या माणसाला घडी करता येत नाही. दोन कोपरे एकाने धरायचे, दोन दुसऱ्याने. झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकांकडे यायचं आणि आपले कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे. एकाने हात सोडला की चादर लोळलीच फरशीवर, आणि गेली परत मशिनीत.

हल्ली रविवारी सकाळीही धाकटी कामावर यायची आणि साबणाच्या डब्याला फोन टेकवून ठेवायची. फोनवर तिच्या चर्चची उपासना लागलेली असायची. ही सोय पाळकीणबाईंनी केली होती, अंथरुणाला खिळलेल्या लोकांसाठी. खिडकीच्या कट्ट्यावर त्या आपला फोन उभा करायच्या, म्हणजे ज्यांना येता येत नाही त्यांना घरबसल्या ऐकता यायचं.

"तू कुठं खिळलीयेस गं?" काकांनी पहिल्याच रविवारी विचारलं होतं. "सकाळपासून नुसती नाचतेयस."

धाकटीने चादर अशी झटकली की काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

खरं म्हणजे खिळली होतीच ती. एका शब्दाला खिळली होती.

त्या चर्चची एक जुनी रीत होती. उपासना सुरू होताना सगळे उभे राहायचे आणि प्रार्थना दोन बाजूंनी म्हणायचे. दाराकडच्या बाकांनी विचारायचं आणि खिडकीकडच्यांनी उत्तर द्यायचं. कुणीतरी फार पूर्वी रचून ठेवलेलं, आणि सगळ्यांना तोंडपाठ. शेवटी दाराकडचे विचारायचे, "कोण म्हणून आलो?" आणि खिडकीकडचे म्हणायचे, "पाहुणे नव्हे, लेकरं म्हणून." मग बसायचं. दोन्ही बहिणी लहानपणापासून खिडकीकडच्या. आई मधे बसायची, आई गेल्यावर दोघी एकमेकींना चिकटून बसायला लागल्या.

पण धाकटीचं उशिरा येणं काही सुटत नव्हतं. शनिवारी दवाखान्याचा माल यायचा, अंग मोडून जायचं, सकाळी डोळा उघडायचा नाही. हे झालं अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे तिला वाटायचं, आपण थोडं उशिरा गेलो तर कुणाचं काय अडतंय? एकदा तर ती शेवटच्या आशीर्वादालाच पोचली, तीही चपला फटाफटा वाजवत. बाहेर पायऱ्यांवर थोरलीने तिला धरलं. थोरली कधी आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी दहा माणसांत बोलली. घरातलं माणूस पानं मांडायच्या आधी येतं, म्हणाली. तू पाहुण्यासारखी येतेस. हात धुवायच्या वेळेला.

"पाहुणी का?" धाकटी म्हणाली. "बरं. मग पाहुणीला बोलावणं लागतं. बोलावलंस की येईन."

झालं. ती बोलावत नव्हती आणि ही जात नव्हती. रक्त एकच ना शेवटी. रस्त्यात भेटली की थोरली विचारायची, खोकला कसा आहे, झोपतेस का नीट. घरची लोणच्याची बरणी तिच्या पिशवीत कोंबायची. पण "ये" एवढं एक अक्षर तिच्या तोंडून निघत नव्हतं, आणि धाकटी त्या एका अक्षरासाठी जीव टांगून बसली होती.

फोनवर सगळं ऐकू यायचं, नाही असं नाही. पण कसं, तर डब्यात कोंबल्यासारखं. गाणं लागलं की धाकटीचे हात चादरीवर थांबायचे. बाकावर असताना तेच गाणं पाठीमागून यायचं. म्हाताऱ्या शिंप्याचा खर्ज पाठीच्या कण्यात शिरायचा, पेटीचा एक सूर कायम खोकायचा, आणि वरच्या पट्टीला चुकलं की ताईचं कोपर बरगडीत बसायचं. फोनला कोपर नसतं. धाकटी एकटीच चुकायची, आणि कुणी ढोसायचं नाही.

आणखी एक गोष्ट तिने हेरली होती. फोन खिडकीत असल्यामुळे ताईचा आवाज सगळ्यांत जवळ यायचा. सगळी उत्तरं ताई खणखणीत द्यायची. शेवटच्या ओळीला मात्र आवाज खाली जायचा. पहिल्यांदा धाकटीला वाटलं, फोन खराब झाला. मग दर रविवारी तेच व्हायला लागलं. "पाहुणे" म्हणताना ताई जणू काटा गिळायची. धाकटीला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. बरी जिरली. मग बरं वाटेनासं झालं.

तोवर खिडकीकडची माणसंही कमी होत चालली होती. कुणाची बदली झाली, कुणी देवाघरी गेलं. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्सबाई तेवढी ताईच्या सोबतीला होती, आणि आता तिच्या गुडघ्यांनीही संप पुकारला.

त्या रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी पाळकांचा आवाज आला. अवघडलेला. ते म्हणाले, खिडकीकडे आता एकट्या ताईच उरल्यात, त्यांच्यावर किती भार टाकायचा? पुढच्या रविवारपासून सगळ्यांनी दाराकडे बसू या आणि प्रार्थना एकत्रच म्हणू या.

धाकटीच्या हातात चादरीचे दोन कोपरे होते, समोर काकांच्या हातात दोन.

फोनमधून थोरली बोलली. इतकी जवळून, की धाकटीने दचकून मागे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "बाक राहू दे. माझी बहीण यायचीय."

पलीकडे कुणीतरी खाकरलं. पाळक हळूच म्हणाले, बरं, आज तरी नेहमीसारखं म्हणू.

धाकटी कोपरे धरून तशीच उभी. धाकटी ऐकतेय हे ताईला माहीत नव्हतं. फोन खिळलेल्यांसाठी होता, आणि धाकटी धडधाकट होती. ताई तिला ऐकवायला बोललीच नव्हती. ती बाकासाठी बोलली होती.

दाराकडच्यांनी विचारायला सुरुवात केली. ताई उत्तरं देत गेली. एक गळा, समोर पंधरा-वीस. मग शेवटचं आलं.

"कोण म्हणून आलो?"

फोनमध्ये नुसती खरखर. पंख्याचा आवाज. ताईने श्वास घेतलेला ऐकू आला, आणि पुढे काही नाही.

"पाहुणे नव्हे," धाकटी इकडून म्हणाली. मग मोठ्याने, फोनवर वाकून, "पाहुणे नव्हे, लेकरं म्हणून! ताई, म्हण ना!"

"इथलं तिकडं जात नाही, पोरी," काका म्हणाले. ते काही चर्चला जाणारे नव्हते, पण एवढं त्यांना कळत होतं. "तिकडचं फक्त इथं येतं."

तिकडे अजून कुणी बसलं नव्हतं. बाकांचा आवाजच आला नव्हता. सगळे उभे राहून एका ओळीची वाट बघत होते, आणि ती ओळ इथे, साबणाच्या वासात, धाकटीच्या तोंडात होती.

तिने कोपरे सोडले. चादर फरशीवर पसरली. काका आपलं टोक धरून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "जा. मालकाला मी बघतो."

पळायला फार लांब नव्हतं. दोन गल्ल्या, मग चढ. एवढ्याशा अंतरासाठी आपण इतके रविवार घालवले, या विचाराने तिला स्वतःचाच असा राग आला की चढ कधी संपला कळलं नाही. दाराशी तिने चपला काढून हातात घेतल्या.

ओळीची वेळ निघून गेली होती. कुणी म्हटली, म्हटली की नाही, कळायला मार्ग नव्हता. सगळे बसले होते आणि पाळकांचा उपदेश चालला होता. धाकटी दाराकडच्यांच्या वळलेल्या मानांसमोरून, ओल्या ॲप्रनसकट, खिडकीकडे गेली. रिकामे बाक. एका बाकावर ताई, आणि शेजारी ताईची पिशवी, जागा धरल्यासारखी.

ताईने वळून पाहिलं नाही. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

धाकटी बसली. लाकूड थंड होतं. ताईच्या खांद्याला खांदा लागला. मग गाणं झालं. वरच्या पट्टीला धाकटी हटकून चुकली, आणि बरगडीत कोपर बसलं. दुखलं. धाकटीने डोळे मिटून घेतले.

शेवटच्या आशीर्वादानंतर माणसं उठली. म्हातारा शिंपी जाता जाता धाकटीच्या ॲप्रनकडे बघून म्हणाला, धुवायचं काही असेल तर इथंच आणून देत जाऊ का? ती हसली, पण तोंडातली ओळ अजून तशीच होती. ती आता म्हणता येत नव्हती. समोरून विचारणारं कुणी नव्हतं, दाराकडचे बाक रिकामे होत होते. प्रार्थना परत सुरू होणार ती पुढच्या रविवारीच.

"म्हटलीस का गं शेवटी?" तिने विचारलं.

थोरलीने मान हलवली. नाही. सगळे तसेच बसले, म्हणाली.

पायऱ्यांवर दोघी थांबल्या. त्याच पायऱ्या. धाकटीने चपला पायात घातल्या आणि खाली बघतच विचारलं, "मग, बोलावतेस का?"

"पाहुण्यांना बोलावतात," थोरली म्हणाली. "तू वेळेवर ये."

लॉन्ड्रीत काका टेबलापाशी बसले होते. ती चादर त्यांनी परत धुवून काढली होती, पण घडी केली नव्हती. पोचलीस का, त्यांनी विचारलं. उशिरा, ती म्हणाली. मग तिने साबणाच्या डब्यावरचा फोन काढून खिशात घातला आणि आपले दोन कोपरे उचलले. रविवार अजून अख्खा आठवडा लांब होता.