साहेबांची वह्यातुला

शकूला तिकीट मिळालं असतं तर तिच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. नावामागे 'नगरसेविका' हा शब्द. महिन्याचं मानधन, जे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहातच संपतं. नवऱ्याला, म्हणजे धनेशला, टेम्पोच्या काचेवर लावायला एक स्टिकर. आणि शीळफाट्याजवळच्या तिच्या गावात, घरोघरी बसवून ठेवलेल्या कोरड्या नळांना पाणी. ही शेवटची बाब सोडली तर बाकीचं सगळं मिळून पासंगालाही पुरलं नसतं.

पासंगाची गोष्ट मी अधिकाराने बोलतो, कारण मित्रांनो, मी मिठागरावरचा जुना तराजू आहे. कल्याणच्या एका लोहाराने मला घडवलं. माणसाच्या उंचीएवढी लोखंडी दांडी, जाड साखळ्या आणि मांडी घालून बसता येईल अशी दोन सागवानी पारडी. शकूचे सासरे पंढरी तेव्हा तरणेबांड होते. खाडीकाठी ते माझ्यावर मीठ जोखायचे. मुकादम डोळा मारून म्हणायचा, "पंढरी, पारड्याला जरा पाय लाव की!"

पंढरी म्हणायचे, "काटा उचलला तं उचलला. नाय तं नाय."

माझी शाळा एवढीच. पण ती पुरली.

पुढे मिठागर बंद पडलं. तिथे भराव पडला, भरावावर इमारती उभ्या राहिल्या. खाऱ्या वाऱ्यात मी कधी गंजलो नव्हतो, तो पंढरींच्या गोठ्यामागे रिकामा बसून गंजलो. मग एके दिवशी पुढाऱ्यांना माझा शोध लागला. कुणाची लाडूतुला, कुणाची वह्यातुला. वाढदिवस आला की मला बोलावणं. माझ्या दांडीला झेंडूच्या माळा घालत. फोटोत मी नेहमी मधोमध. पण मीठ जोखत होतो तेव्हा मला नेमाने तेल मिळत होतं. पुढारी जोखायला लागल्यापासून फक्त हार मिळाले, आणि ते वाळून साखळ्यांना चिकटेपर्यंत कुणी काढलेही नाहीत.

महापालिकेची निवडणूक आली आणि आमच्या प्रभागात एक जागा महिलांसाठी राखीव झाली. शकू पक्षात किती वर्षं आहे, हे पक्षालाही आठवत नसेल. मोर्च्यात पुढे ती, सतरंज्या उचलायला मागे तीच. इच्छुकांना पारखायला वरून साहेब येणार होते. त्यांचे पीए कमलेश यांचा फोन आला, तेव्हा शकू माझ्या पारड्यावर बसून मेथी निवडत होती.

"ताई, मुलाखती तुमच्याच भागात लावल्यात. काहीतरी कार्यक्रम करा ना. पावर दिसली पाहिजे."

"कसला कार्यक्रम, भाऊ?"

"वह्यातुला करा. मुलांना वह्या, साहेबांना फोटो. तुमच्याकडे काटा घरचाच आहे."

"साहेबांचं वजन किती भरेल?"

"पंचाहत्तर किलो धरा."

संध्याकाळी अंगणात बायका जमल्या. गावाला नळाचं पाणी नाही, म्हणून दर महिन्याला वर्गणी काढून टँकर मागवतात, त्या या बायका. शेजारच्या गंगुबाईंनी तोडगा काढला. "अगं शकू, या महिन्याचा टँकर राहू दे. त्या पैशाच्या वह्या घे. तू निवडून आलीस की नळालाच पाणी येईल."

"आणि महिनाभर काय करायचं, मावशी?"

"हंडे आहेत. डोकी आहेत. देवाने मान दिलीय ती काय फक्त डोलवायला?"

समोरच्या घरातली कल्पिता म्हणाली, "आणि साहेब जाडा निघाला तर?"

सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. इतक्या पुढाऱ्यांना उचललेल्या माझ्या साखळ्यांनी तेवढ्यावरच अंग चोरलं.

ठरल्या दिवशी मला लग्नाच्या हॉलमध्ये टांगलं. ताशा वाजला. साहेब एका पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात वह्यांचे गठ्ठे चढू लागले. वहीच्या कव्हरावर साहेबांचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात शकूचा छोटासा. पंचाहत्तर किलो वह्या संपल्या. साहेब जमिनीवरच.

पक्षात साहेबांचं वजन नेहमी कमी सांगतात आणि सभेची गर्दी नेहमी जास्त. हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तराजूला कोण विचारतो?

ताशा थांबला. कमलेश शकूच्या कानाशी वाकले. "ताई, वह्यांच्या खाली एक लोखंडी वजन सरकवा पटकन. कोण बघतंय?"

पहिल्या रांगेत पंढरी बसले होते. शकूने त्यांच्याकडे पाहिलं. "सासरे बघतायत," ती म्हणाली.

मग तिने धनेशला फाट्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पिटाळलं. गंगुबाईंनी पदराची गाठ सोडली, कल्पिताने पर्स उलटी केली. धनेश टेम्पो घेऊन परत येईपर्यंत साहेब पारड्यात बसून राहिले. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या. लोकांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले. अखेर नवे गठ्ठे चढले आणि पारडं उचललं. टाळ्या पडल्या. साहेब वर आले, त्यांचा चेहरा मात्र खालीच राहिला.

लगेच तिथेच मुलाखती सुरू झाल्या. मला सोडवायला कुणाला सवड नव्हती, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

शकूने कुठल्या गल्लीतली लाईन कुठे फुटली आहे, कुठला व्हॉल्व्ह कोण बंद करतो, सगळं सांगितलं. साहेब मोबाईल बघत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"खर्च किती करू शकाल?"

"साहेब, आत्ताच तर आमच्या खर्चावर बसून उठलात!"

कमलेशना खोकला आला. साहेब म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या निष्ठावंतांच्या जिवावरच तर पक्ष उभा आहे." हे वाक्य कानावर पडलं की समजावं, आपलं पारडं हलकं ठरलं.

मग हेमाताई आल्या. पक्षात येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. यजमान इमारती बांधतात. आमच्याकडे एका प्रभागातून चार जण निवडून जातात, आणि एका पक्षाचे चौघे मिळून एक पॅनल. हेमाताई एवढंच म्हणाल्या, "साहेब, पॅनलमधल्या चौघांचाही खर्च आमच्याकडे."

साहेबांनी मोबाईल उलटा ठेवला. "बसा ना ताई. चहा घेणार?"

बस्स. माणूस जोखायला मला उगाच टांगलं होतं. त्यांचा काटा वेगळा होता, आणि त्याला एकच पारडं होतं.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाचा फॉर्म हेमाताईंच्या हातात पडला. मला घरी आणलं. पंढरी माझ्या दांडीवरून हात फिरवत पुटपुटले, "मीठ बरं होतं रं. आपलं वजन खोटं सांगत नवतं."

मित्रांनो, जुना काटा घरात असेल तर त्याला हार घालू नका, तेल घाला. आणि सतरंज्या उचलणारी शकू तुमच्या गल्लीत असेल, तर तिची आठवण फक्त मोर्च्यापुरती काढू नका. दोघांनाही गंज आतून लागतो, आणि बाहेरून दिसतो तोवर उशीर झालेला असतो.

आचारसंहितेत त्या वह्या हॉलच्या खोलीत कुलूपबंद राहिल्या. निवडणूक झाली, हेमाताई निवडून आल्या, आणि कमलेशनी वह्या त्यांच्या हवाली केल्या. त्यांनी त्या शाळेत वाटल्या. गंगुबाईंची नात प्राची एक वही घेऊन नाचत आली. "आजी, हेमाताईंनी दिली!" कोपऱ्यात जिथे शकूचा फोटो होता, तिथे हेमाताईंच्या फोटोचं स्टिकर चिकटवलं होतं. गंगुबाईंनी ते नखाने खरवडून पाहिलं. निघालं नाही. प्राची रडवेली झाली, तशी त्यांनी वही परत दिली आणि रिकामा हंडा उचलला.

तेव्हा हिशेब असा. साहेबांना फोटो मिळाला, हेमाताईंना खुर्ची. नळ कोरडेच आहेत. वह्यांचे पैसे गावच्या बायकांनी दोनदा भरले, एकदा रोख आणि एकदा महिनाभर डोक्यावर हंडे वाहून. हेमाताईंनी भरले ते फक्त स्टिकरचे.